१७९० साली राज्यांचं कर्ज केंद्राने उचललं, ते बरोबर होतं का?

रानवाटा:
अमेरिकेत राज्य विरुद्ध केंद्र म्हटलं की सगळे थेट १८६१ च्या यादवी युद्धावर जातात, पण माझ्या मते भांडणाला खरं तोंड १७९० मध्येच फुटलं. अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाला की स्वातंत्र्ययुद्धासाठी राज्यांनी काढलेलं कर्ज, साधारण अडीच कोटी डॉलर, आता केंद्र फेडणार. मॅसॅच्युसेट्स आणि साऊथ कॅरोलायनाच्या डोक्यावर भरपूर कर्ज शिल्लक होतं, त्यांचं भलंच झालं. पण व्हर्जिनियाने लोकांकडून टॅक्स घेऊन आपलं बरंचसं आधीच फेडलेलं, त्यांनी परत दुसऱ्यांचं का भरायचं? एप्रिलमध्ये प्रतिनिधीगृहात हा प्रस्ताव ३१ विरुद्ध २९ ने पडला होता. मग जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या घरी जेवायला बसून सौदा ठरला, राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीच्या काठी न्यायची आणि विरोधकांचा पुढारी, व्हर्जिनियाचा मॅडिसन, याने विरोध सौम्य करायचा. इतका मोठा निर्णय असा व्हायला नको होता.

कोरा_कागद:
अजिबात पटत नाही. आधीची वर्षं बघा ना. १७८१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेव्हाच्या केंद्राने, आयातीवर फक्त ५ टक्के जकात मागितली, तेराच्या तेरा राज्यांनी हो म्हणायला हवं होतं, एकटं ऱ्होड आयलंड अडून बसलं आणि विषय तिथेच मेला. १७८३ ला पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसला घेरलं, पेनसिल्व्हेनिया सरकार मिलिशिया, म्हणजे राज्याची नागरी फौज, बोलवायला तयार नाही, शेवटी काँग्रेस प्रिन्स्टनला निघून गेली. असं लुळं केंद्र घेऊन देश चालतो का? आणि युद्ध सगळ्यांचं होतं, मग कर्ज एकेकट्याचं कसं?

माळरान:
सैनिकांचं नाव काढलंत म्हणून बोलते. त्यांना पगाराऐवजी पैसे नंतर देऊ असे सरकारी कर्जाचे कागद मिळाले होते, घरात खायला नाही म्हणून बऱ्याच जणांनी ते मातीमोल भावात विकले, न्यूयॉर्कच्या सटोडियांनी तर दक्षिणेत जहाजं पाठवून कागद गोळा केले. मॅडिसन म्हणत होता की कागद फेडताना मूळ सैनिकालाही वाटा द्या, ते ३६ विरुद्ध १३ ने फेटाळलं. केंद्र मजबूत झालं खरं, पण कुणाच्या पैशावर?

कोरा_कागद:
सैनिकांवर अन्याय झाला, मान्य. पण राज्य सरकारं काय गरिबांची वाली होती का? १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने हेच कर्ज फेडायला शेतकऱ्यांकडून रोखीत टॅक्स मागितला, लोकांकडे नाणं नाही, जमिनी जायला लागल्या, आणि डॅनियल शेजसारखे युद्धात लढलेले लोकच कोर्टं बंद पाडायला निघाले. केंद्राने कर्ज उचलल्यावर तिथला टॅक्स बराच उतरला, हे कुणी सांगत नाही.

रानवाटा:
आणि तो बोजा गेला कुठे? १७९१ ला व्हिस्कीवर टॅक्स. पश्चिम पेनसिल्व्हेनियातला शेतकरी डोंगर ओलांडून धान्याची पोती नेऊ शकत नव्हता म्हणून दारू गाळायचा, त्याच्याकडून रोख मागायची आणि खटला भरला की पार फिलाडेल्फियाला बोलवायचं. १७९४ मध्ये तिथे बंड झालं तेव्हा पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर मिफलिन सांगत होता की आमची कोर्टं बघून घेतील, तरी वॉशिंग्टनने जवळपास १३,००० माणसं पाठवली.

कोरा_कागद:
ती माणसं राज्यांचीच मिलिशिया होती की! न्यूजर्सी, मेरीलँड, खुद्द पेनसिल्व्हेनिया. आणि नेतृत्व कुणाकडे? हेन्री ली, तुमच्या व्हर्जिनियाचा गव्हर्नर.

रानवाटा:
गव्हर्नर गेला म्हणून टॅक्स न्याय्य ठरत नाही. १८०२ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना तोच टॅक्स रद्द झाला आणि तरीही केंद्र कर्ज फेडतच राहिलं. मग आधी शेतकऱ्याच्या दारात फौज कशासाठी नेली, याचं उत्तर द्या.