सगळ्या मशीनवर एकच डेस्कटॉप सेटिंग कसं ठेवायचं?

प्रश्न
नमस्कार मंडळी, आमच्याकडे आठ-दहा मशीन एका नेटवर्कवर आहेत, सगळीकडे लिनक्स आणि जीनोम डेस्कटॉप. लोकं रोज वेगळ्या मशीनवर बसतात, मग एकीकडे मराठी कीबोर्ड टाकलेला असतो दुसरीकडे नसतो, इथे फॉन्ट मोठा केला तरी तिथे बारीकच. एकाची नजर कमजोर आहे, त्याला कामाआधी रोज अक्षरं मोठी करत बसावं लागतं, बघवत नाही. रोज रात्री कॉन्फिग फोल्डर कॉपी करून सगळीकडे टाकलं तर चालेल का?

उत्तर १
कॉपीच्या भानगडीत पडू नका. दोन मशीनवर दोन वेगळे बदल झाले तर रात्री कुठला खरा धरणार? होम फोल्डरच (ज्यात युजरच्या फाइल आणि सेटिंग असतात) सर्व्हरवर ठेवा आणि एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वापरायच्या सोयीने, सगळीकडे माउंट करा, म्हणजे जोडा. पण त्याआधी युजर आयडी तपासा. साध्या एनएफएसमधे फाइलचा मालक नंबरावरून ठरतो, त्यामुळे एका मशीनवर तुमचा नंबर १००० आणि दुसऱ्यावर १००१ असेल तर नाव तेच असूनही स्वतःच्याच फाइलवर परमिशन डिनाइड. एलडॅप (सगळ्या मशीनसाठी युजरची एकच मध्यवर्ती यादी) लावलंत तर उत्तमच, युजर मोजकेच असतील तर नंबर हातानेही जुळवता येतात.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण जीनोमचं तेवढ्यावर भागत नाही. त्याची सेटिंग डीकॉन्फ नावाच्या साठ्यात असतात, होममधल्या डॉट कॉन्फिगच्या आत डीकॉन्फ फोल्डर आणि त्यात युजर नावाची एक बायनरी फाइल. ती मेमरीत मॅप करून वाचली जाते आणि एनएफएसवर नेमका तिथेच घोळ होतो. उपाय डीकॉन्फमधेच आहे: प्रत्येक मशीनवर ईटीसी (सिस्टिमच्या सेटिंगचं फोल्डर) खाली डीकॉन्फ, त्यात प्रोफाइल, त्यातल्या युजर फाइलची पहिली ओळ ‘सर्व्हिस-डीबी:कीफाइल/युजर’ अशी करा (अर्थात इंग्रजी अक्षरात). लॉगआउट करून परत आलात की सेटिंग साध्या टेक्स्ट फाइलमधे जायला लागतात. मला हे फार आवडतं कारण काही बिघडलं तर फाइल उघडून डोळ्यांनी बघता येतं.

प्रश्नकर्ता
वा, हे माहीतच नव्हतं! पण एकच माणूस दोन मशीनवर एकदम लॉगिन असेल तर?

उत्तर २
सेटिंग पोचतील, पण लगेच नाही, कारण डीकॉन्फ ती फाइल थोड्या थोड्या वेळाने तपासत असतो. फायरफॉक्स मात्र अडेल, प्रोफाइलला लॉक असतं म्हणून दुसरीकडे ‘आधीच चालू आहे’ असं सांगतो. आणि कॅशे फोल्डर (प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फाइलचं) प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर वळवा, नाहीतर सगळंच रेंगाळतं.

उत्तर ३
कीबोर्ड सगळ्यांनाच हवाय ना, मग तो एकेका होममधे कशाला, सिस्टिमचा डिफॉल्टच करा. ईटीसीखालच्या डीकॉन्फच्या डीबीमधे लोकल डॉट डी फोल्डर असतं (नसेल तर बनवा), त्यात कीबोर्डच्या सेटिंगची फाइल टाका आणि रूटने (अ‍ॅडमिन युजरने) ‘डीकॉन्फ अपडेट’ ही कमांड चालवा, नवीन युजर आला तरी त्याला पहिल्या दिवसापासून मराठी मिळेल. त्याच फोल्डरमधे लॉक्स नावाचं फोल्डर करून सेटिंग कुलूपबंदही करता येतं, वॉलपेपरला लावा हवं तर, पण अक्षरांच्या आकाराला कृपया लावू नका, तो ज्याचा त्यालाच ठरवू दे. हे चालायला वरच्याच प्रोफाइल फाइलमधे दुसरी ओळ ‘सिस्टिम-डीबी:लोकल’ हवी, ती राहिली तर डिफॉल्ट लागतच नाहीत आणि एररही दिसत नाही.