काच नसलेली गाडी: गॉगल पुरे, की हेल्मेटही हवं?

बिनटपाचा (धागाकर्ता)

मंडळी, मी इंग्लंडात सरेमध्ये राहतो. गेल्या वर्षी खूप दिवसांचा हट्ट पुरा केला आणि एक वापरलेली केटरहॅम सेव्हन घेतली. ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं १९५७ साली लोटस सेव्हन म्हणून ती आणली, १९७३ पासून केटरहॅमवाले तीच पुढे बनवतायत. दारं नाहीत, टप नाही, आणि माझ्या गाडीला पुढची काचही नाही. काचेच्या जागी एरोस्क्रीन, म्हणजे वीतभर उंचीची वाकवलेली पट्टी. वारा डोक्यावरून उडवणं हे तिचं काम. बुटक्या माणसाच्या डोक्यावरून उडवत असेलही. मी पाच फूट अकरा इंच आहे, माझ्या थेट भुवयांवर आणून सोडते.

पहिल्या दिवशी साध्या चष्म्यावर निघालो. चाळीस मैलांच्या वेगाला डोळ्यांतलं पाणी गालावर न येता आडवं कानाकडे जायला लागलं. तरी रेटलं. मग गिल्डफर्डबाहेर हॉग्ज बॅकच्या रस्त्यावर, वेग पंचावन्न मैल, ‘टप्’ असा आवाज झाला आणि उजवा डोळा पिवळा दिसायला लागला. मधमाशी. चष्मा नाकात असा रुतला की दोन दिवस वळ होता. चष्मा नसता तर? हा विचार करत गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं नुसता बसून होतो.

तेव्हा गॉगल हवाच, त्यावर वाद नाही. वाद आहे तो हेल्मेटवर. इथल्या सेव्हनवाल्यांत दोन तट आहेत. माझं मत: ट्रॅकवर हेल्मेट, रस्त्यावर नको. एक तर कायदा सांगत नाही. इथला १९९८ चा हेल्मेटचा नियम मोटारसायकलींपुरता आहे. दुसरं, दीड किलोचं ओझं मानेवर. चार टोकी पट्ट्यानं खांदे सीटला जखडलेले असतात, आदळली गाडी तर पुढे जाणार ते फक्त डोकं. तिसरं, मागून येणारी रुग्णवाहिका मला ऐकू यायला हवी. आणि चौथं, खरं सांगायचं तर दूध आणायला हेल्मेट घालून निघालं की शेजारी हसतात.

बोला.

---

पक्याभाऊ

चौथं कारण पहिलं आहे, कबूल करा. :)

मी बर्मिंगहॅमला असतो, माझीही सेव्हन आहे, आणि मी पेट्रोल भरायलाही हेल्मेट घालूनच जातो. तुम्हाला माशी लागली म्हणून गॉगलवर भागतंय असं वाटतंय. दगड लागला की बोलू. हेल्मुट मार्को पुढे सगळ्यांना फॉर्म्युला वनच्या रेड बुल संघाचे सल्लागार म्हणून माहीत झाले, पण आधी ते स्वतः शर्यतीत होते. १९७२ ची फ्रेंच ग्रां प्री, क्लेरमाँ-फेराँजवळचा डोंगरातला ट्रॅक, कडेला ज्वालामुखीचे खडे. पुढे फिटीपाल्डीची लोटस होती, तिच्या चाकानं खडा उडवला आणि मार्कोंचा डावा डोळा गेला. शर्यतीचा धंदा तिथेच संपला. त्याच्या आधी १९६० ला बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत अ‍ॅलन स्टेसीच्या तोंडावर पक्षी आदळला, तो तर जिवानिशीच गेला. उघड्या गाडीत चेहरा हाच बंपर असतो राव.

---

बिनटपाचा

मार्कोंचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं की. हेल्मेट होतं, व्हायझरही (डोळ्यांपुढची पारदर्शक झडप) होता. खडा व्हायझर फोडून आत गेला. म्हणजे प्रश्न डोळ्यापुढच्या पडद्याचा होता, डोक्यावरच्या घमेल्याचा नाही. आणि मी ग्रां प्रीत नाही, साठ मैलांच्या हद्दीत आहे.

---

डोळस

इथं मी बोललं पाहिजे, कारण दोघंही ‘गॉगल’ हा शब्द मोघम वापरताय. पुण्यात वीसेक वर्षं डोळे तपासतोय. दुचाकीवरून येताना डोळ्यात कण गेला म्हणून येणारा पेशंट आठवड्याला तरी एक असतोच, आणि त्यातल्या निम्म्यांनी ‘गॉगल’ लावलेला असतो. कसला? फॅशनचा. कण समोरून येतच नाही, कडेनं आत शिरतो आणि पापणीखाली बसतो.

युरोपात संरक्षक चष्म्यांसाठी ईएन १६६ नावाचं मानक बरीच वर्षं चालत आलंय (आता त्याच्या जागी नवं येतंय). काचेवर नि दांडीवर बारीक अक्षर कोरलेलं असतं. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी, वजन ०.८६ ग्रॅम, काचेवर मारतात. ‘एफ’ म्हणजे सेकंदाला ४५ मीटर वेगानं मारली तरी टिकते, ‘बी’ म्हणजे १२० मीटर, ‘ए’ म्हणजे १९०. आता गंमत अशी की दोन दांड्यांचा चष्मा, कितीही दणकट असो, त्याला ‘एफ’च मिळतो. ‘बी’ मिळायला चेहऱ्याला चिकटणारा, पट्ट्याचा गॉगल लागतो. ‘ए’ फक्त पूर्ण चेहरा झाकणाऱ्या ढालीला.

काच पॉलिकार्बोनेटची घ्या. तुमचा रोजचा नंबरचा चष्मा बहुधा साध्या प्लास्टिकचा असणार. तो माशी अडवतो, खड्याची खात्री मी देणार नाही. नंबर असेल तर आत नंबरची फ्रेम बसणारे गॉगल मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उघड्या वाऱ्यात जाऊ नका, अर्ध्या तासात डोळा वाळवंट होतो.

रंगाबद्दल: गडदपणाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या असतात. चार नंबरची काच गाडी चालवायला चालत नाही, ती बर्फाच्या डोंगरांसाठी. तीन नंबर भर उन्हात ठीक. पण इंग्लंडात झाडांच्या बोगद्यातून रस्ते जातात, उजेड-अंधार-उजेड असा खेळ चालतो, तिथं माझ्या मते एक किंवा दोन पुरे. पोलराइज्ड घेणार असाल तर आधी डॅशबोर्डवरचा डिजिटल पडदा त्यातून बघा. कधी कधी तो चक्क काळा दिसतो.

---

पक्याभाऊ

डोळसकाका, दंडवत! आता धागाकर्त्यांनी जरा गणित करावं. तुम्ही साठ मैलांनी जाताय, समोरून ट्रक पन्नासनं येतोय. त्यानं उडवलेला खडा सोडा, नुसता ट्रकवरून निसटलेला खडा घेतला तरी बेरीज ११० मैल, म्हणजे सेकंदाला ४९ मीटर. काकांचा ‘एफ’ ४५ ला संपला. आणि रस्त्यावरचा खडा ०.८६ ग्रॅमचा नसतो. हे झालं डोळ्याचं. उरलेल्या कपाळाचं, नाकाचं आणि दातांचं मानक कुठलं?

---

स्टुटगार्टकर

कायद्याचा विषय निघालाय म्हणून. आमच्या जर्मनीत उघड्या तीन-चार चाकी वाहनांना हेल्मेटची सक्ती *आहे*, वीस किलोमीटरच्या वर वेग जाणाऱ्या प्रत्येकाला. पण त्याच कलमात पुढचं वाक्य आहे: विहित सीटबेल्ट लावला असेल तर ही सक्ती नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी विचार करूनच पट्टा आणि हेल्मेट ही एकमेकांच्या बदल्यात ठेवलीत. दुचाकीस्वार फेकला जातो म्हणून त्याला हेल्मेट. गाडीतला माणूस गाडीतच राहतो.

मानेचं सांगायचं तर डोकं साडेचार-पाच किलोचं, त्यावर दीड किलो म्हणजे जवळपास एक-तृतीयांश वाढ. शर्यतीत हे ओझं तोलायला हान्स असतं, हेल्मेटला खांद्यांशी बांधणारी कॉलर. रस्त्यावर हान्स घालून कोण फिरतंय? माझं मत धागाकर्त्यांच्या बाजूनं.

---

पक्याभाऊ

गाडीतला माणूस गाडीतच राहतो, बरोबर. पण सेव्हनमध्ये तुमच्या डोक्यामागे टीचभर अंतरावर काय असतं? रोलबार. गाडी उलटली तर डोकं वाचवायला लावलेली पोलादी नळी. मागून कुणी ठोकलं की डोकं कुठं जाणार? त्या नळीला मऊ गादी लावलीय, ती माझ्या मुलाच्या झोक्याला लावतात तशी. जर्मनीच्या कायद्यानं बहुतेक साध्या टप उघडणाऱ्या गाड्या डोळ्यापुढे ठेवल्या असतील, ज्यांत डोक्यामागे उशी असते.

---

नाना नाशिककर

पोरांनो, काच उभी करा की!

आमची जुनी जीप होती, तिची पुढची काच बॉनेटवर आडवी पडायची. तरुणपणी आम्हीही पाडून कसारा घाट चढलोय, डोळ्यांवर जुन्या बाजारातला लष्करी गॉगल आणि तोंडाला बहिणीची ओढणी. इगतपुरीपर्यंत पोचलो तेव्हा दातांत माती आणि कानांत चिलटं होती. दुसऱ्या दिवशी काच उभी केली, आजतागायत पाडली नाही. सेव्हनला पूर्ण काच मिळते ना? मग हा एवढा खल कशासाठी?

---

बिनटपाचा

नाना, मिळते. माझ्या गॅरेजात पडून आहे. पण काच लावली की ती गाडी राहत नाही, गाडीसारखी गाडी होते. हे तर्कात बसत नाही, मान्य.

---

जुनाट

इतिहासातला एक किस्सा, थेट विषयाचा. १९५५ ची मिल्ले मिलिया, म्हणजे इटलीतली साध्या रस्त्यांवरची शर्यत. स्टर्लिंग मॉस चालवतोय, शेजारी डेनिस जेंकिन्सन, दाढीवाला, चष्मेवाला पत्रकार. रस्त्याच्या खुणा लिहिलेली लांबच लांब कागदाची गुंडाळी फिरवत हातानं इशारे करतोय, कारण इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य. मधेच त्याला मळमळलं, गाडीबाहेर तोंड काढलं, आणि वाऱ्यानं चष्मा उचलून नेला. खिशात दुसरा होता म्हणून बरं. जवळपास हजार मैल, दहा तास सात मिनिटं, जिंकले. सांगायचा मुद्दा: जास्तीचा चष्मा जवळ ठेवा, आणि दांड्यांना दोरी बांधा.

आणि शेजारी हसतात म्हणून हेल्मेट नको म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, अमेरिकन शर्यतवाला डॅन गर्नी १९६८ साली जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घालून आला. फॉर्म्युला वनमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. तोवर सगळे उघडं तोंड आणि गॉगल. थोड्याच वर्षांत उघडं तोंडच विचित्र दिसायला लागलं.

---

बिनटपाचा

बरं, समजा घेतलं. भावाचं मोटारसायकलचं हेल्मेट पडून आहे, त्यावर भागेल का?

---

पक्याभाऊ

आता कसं! पण थांबा. पडून आहे म्हणजे किती वर्षं, कधी आपटलंय का, आणि मुख्य म्हणजे तुमच्या डोक्याला बसतं का? गाल दाबले जायला हवेत, मान हलवली की हेल्मेटबरोबर कातडी हलायला हवी. भावाचं डोकं म्हणजे तुमचं डोकं नव्हे.

प्रकार दोन. अमेरिकेत स्नेल म्हणून संस्था आहे, १९५७ ची (तुमच्या सेव्हनचंच साल). पीट स्नेल हा शर्यतवाला हेल्मेट असूनही डोक्याच्या माराने गेला, त्याच्या नावानं काढली. त्यांचा मोटारसायकलसाठी ‘एम’ शिक्का आणि मोटार-शर्यतीसाठी ‘एसए’. एसएचं अस्तर आग सोसतं, आणि रोलबारवर पुन्हा पुन्हा आपटण्याची वेगळी चाचणी असते. पण एसएमध्ये डोळ्यांसमोरची फट अरुंद चालते, एममध्ये रुंद लागते. म्हणून मी ट्रॅकला एसए नेतो, आणि रस्त्यावर मोटारसायकलचं वापरतो, ईसीई २२.०६ या युरोपातल्या मानकाचं. चौकात डावी-उजवीकडे दिसायला हवं. इथं शार्प या सरकारी हेल्मेट-चाचणी योजनेच्या यादीत बऱ्याच हेल्मेटांना एक ते पाच तारे दिलेत, फुकट बघता येतं.

आणि तुमच्या रुग्णवाहिकेबद्दल: साठ मैलांला उघड्या कानानं फक्त वाराच ऐकू येतो. हेल्मेटमध्ये मला *जास्त* ऐकू येतं.

---

स्टुटगार्टकर

शेवटच्या मुद्द्याला +१, नाइलाजानं. मानेवर मात्र मी ठाम आहे.

बिनटपाचा, विकत घेण्याआधी एक करा. रोलबारच्या माथ्यापासून गाडीच्या पुढच्या भागापर्यंत एक सरळ काठी ठेवा. हेल्मेट घालून बसल्यावर डोकं त्या काठीच्या खाली, दोन इंच तरी, राहायला हवं. गाडी उलटली तर जमीन त्या रेषेवर येते. हेल्मेटनं उंची वाढते. पाच फूट अकरा म्हणालात ना?

---

बिनटपाचा

आत्ताच गॅरेजमधून आलो. काठी नव्हती, झाडू वापरला. पक्याभाऊंनी सांगितल्यासारखं दुकानातून मापाचं हेल्मेट घरी आणलंय, परत करता येतं.

हेल्मेटशिवाय: डोकं झाडूच्या खाली दोन बोटं. हेल्मेट घालून: झाडू हेल्मेटवर टेकतो. टेकतो म्हणजे काय, बायकोनं दुसरं टोक धरलं होतं, तिच्या हातातला झाडू वर उचलला गेला.

म्हणजे गेलं वर्षभर मी दोन इंचांच्या हिशोबात हेल्मेटशिवायही बसत नव्हतो, आणि हे मला या धाग्यापर्यंत ठाऊक नव्हतं. आता सीट काढून खाली पातळ फोम घालून बघणार. नाहीतर गाडीचा तळ खाली घ्यायचा, तसा मिळतो, पण महाग आहे. तोवर पट्ट्याचा ‘बी’वाला गॉगल मागवलाय, आणि नाना, काच पुन्हा बसवलीय. तात्पुरती.

---

नाना नाशिककर

आमचीही तात्पुरतीच होती.