भाचीसाठी निसर्गावरचं मराठी पुस्तक सुचवा (माहितीचं नको)

खाडीकाठची:
भाची आठवीत आहे, इंग्रजी माध्यम. सुट्टीत आमच्याकडे ऐरोलीला आलीय. रोहित पक्षी बघून आल्यापासून रोज वहीत तेच काढते. चित्राखाली मराठीत दोन ओळी लिही म्हटलं, तर म्हणे, "मावशी, गुलाबी सोडून शब्दच येत नाही." पक्षी ओळखायची पुस्तकं घरात चार पडलीत, ती नकोत. शब्द जिभेवर रेंगाळेल असं काही सुचवा. वाचन हळू आहे, पण पोरगी चिवट आहे.

पारसिककर:
दुर्गा भागवत, 'ऋतुचक्र'. विषय संपला.

तलावपाळी:
@पारसिककर, इतक्या लवकर नको संपवू. आठवीतल्या, त्यात इंग्रजी माध्यमातल्या मुलीच्या हातात ते थेट दिलंत तर चैत्रातच गळेल. मी स्वतः कॉलेजात दोनदा सोडलं होतं.
पण एक युक्ती आहे. पुस्तक महिन्यामहिन्याने रचलंय, चैत्र ते फाल्गुन. तेव्हा सलग वाचायचंच नाही. जो महिना चालू असेल तेवढाच लेख तुम्ही मोठ्याने वाचा, तिने ऐकायचं. मग दोघींनी खाली उतरून सोसायटीतली झाडं बघायची. १९५६ सालचं पुस्तक आहे, तरी बहावा अजून त्याच सुमाराला फुलतो. विकत घ्यायच्या आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा.

खाडीकाठची:
हे जमेल. पण तिला एकटीने वाचायला?

येऊरचा_वाटसरू:
व्यंकटेश माडगूळकर. वाक्यं छोटी, एक शब्द जास्तीचा नाही, आणि माणूस चित्रकारही होता, त्यामुळे बघणं कसं असतं ते कळतं. 'नागझिरा' आधी द्या, जंगलात राहून केलेल्या नोंदी आहेत, वहीवाल्या मुलीला आपल्याशा वाटतील. 'सत्तांतर' नंतर. साहित्य अकादमी मिळालेलं आहे, पण वानरांच्या टोळीत नवा नर आला की पिल्लांचं काय होतं ते त्यात आहे. तुम्ही आधी वाचा, मग ठरवा.

पारसिककर:
सत्तांतर मी सहावीत वाचलं. काही झालं नाही मला.

येऊरचा_वाटसरू:
ते दिसतंय 😄

दिवाकोळीवाडा:
सगळे जंगलात निघालात. पोरगी खाडी बघतेय, आणि खाडीवर मराठीत असं रसाळ लिहिलेलं मला तरी फारसं सापडलं नाही. तोवर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांशी बोलवा तिला. खारफुटी म्हणून सगळं एकाच पोत्यात घालू नका. तिवर वेगळं, कांदळ वेगळं, चिपी वेगळी. ओहोटीला चिखलावर उड्या मारतो तो निवटा. हे शब्द वहीत लिहू दे, वाक्यं आपोआप येतील.

तलावपाळी:
शब्दांवरून आठवलं, मारुती चितमपल्ली विसरलोच आपण! वनखात्यात नोकरी आणि शब्दांचा नाद. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या 'काकागार' हे शब्द त्यांचे. 'पक्षी जाय दिगंतरा' किंवा 'रानवाटा' द्या. प्रकरणं सुटी आहेत, कुठूनही उघडलं तरी चालतं.

खाडीकाठची (आठवड्याने):
'नागझिरा' चालू आहे, रोज चार पानं. 'सारंगागार' ऐकून इतकी खूश की काल संध्याकाळी तिवरांवर बगळे उतरले, त्या चित्राखाली लिहिलं, 'आमचं सारंगागार'.

येऊरचा_वाटसरू:
घरटी होती का? नुसते रात्री बसायला आले असतील तर तो रातथारा.

खाडीकाठची:
विचारलं. म्हणे, "उद्या परत बघून मग खोडीन."