मदत हवी आहे: काळ्या जोडीला सोनेरी पिल्लं कशी?

शिवडीकर_७७:
नमस्कार. पाल्हाळ लावत नाही. माझ्या माशांच्या काळ्या जोडीने अंडी घातली, पिल्लं जगवली, आता दीड महिन्याची झाली आणि त्यात सोनेरी निघाली आहेत. एकदोन नाही, भरपूर. सुरुवातीला आर्टेमिया (पिल्लांना देतात ते बारीक जिवंत खाद्य) खाऊन सगळ्यांचीच पोटं केशरी दिसायची म्हणून लक्ष गेलं नाही. परवा रात्री लाइट बंद करून बॅटरी मारली तर काळी कुठेच दिसेनात, नुसती सोनेरी चमकतायत. जोडी घेताना दुकानदाराने "प्युअर लाइन आहे, सगळी काळीच निघणार" असं छातीठोक सांगितलं होतं. आता विचारलं तर म्हणतो तुमच्या पाण्यात काहीतरी खोट असेल. मी पुढच्या रविवारी एकाला पन्नास काळी पिल्लं द्यायचं कबूल करून बसलोय. दोनच प्रश्न: ही पुढे काळी होतील का, आणि मला फसवलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, जरा लवकर.

चिंबोरी:
मासा कोणता ते तरी लिहा! मॉली? एंजल? काळा मूर असेल तर तो गोल्डफिशच, वय झालं की सोनेरीपणावर जातो.

शिवडीकर_७७:
एंजल. लिहिलंय असं वाटलं मला.

गप्पीवाला_मालाड:
सोपं आहे. तुमची मादी दुकानात सोनेरी नराबरोबर राहिलेली असणार. मादी शुक्राणू साठवून ठेवते, नर नसतानाही महिनोन्महिने पिल्लं देते. माझ्याकडे तीन वेळा झालंय. पुढची दोनतीन बाळंतपणं जाऊ द्या, आपोआप काळी यायला लागतील.

पाणथळ:
गप्पीवाले, हे गप्पी-मॉली-प्लॅटीचं झालं. एंजल सिक्लिड कुळातला, अंडी घालणारा. मादी पानावर नाहीतर पाटीवर अंड्यांची रांग लावत जाते आणि नर तिच्या मागोमाग येऊन तिथल्या तिथे फलन करतो. सगळा मामला अंगाबाहेर, साठवणार कुठे?
शिवडीकर, त्या टँकमध्ये तिसरा मासा होता का?

गप्पीवाला_मालाड:
बारा वर्षं मासे पाळतोय. पुस्तकातलं मला सांगू नका.

पाणथळ:
बारा वर्षं गप्पी पाळताय.

शिवडीकर_७७:
तिसरा मासा नव्हता. तीन फुटी टँकमध्ये दोघंच. कृपया भांडू नका, माझ्याकडे वेळ नाही.

सायली_ठाणे:
पाणी कसं ट्रीट करता? आपल्याकडे तलावांचं पाणी येतं, भातसा, तानसा वगैरे, ते मऊच असतं, एंजलला मानवतं. पण पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास येतो. बादलीत भरून चोवीस तास ठेवा किंवा अँटीक्लोरीन टाका. आठवड्याला पाव टँक बदला, एकदम सगळं पाणी बदलू नका. माझ्या वहिनीने एकदम बदललं आणि सहा डिस्कस एका रात्रीत गेले.

शिवडीकर_७७:
ताई, पाण्याचं विचारलंच नाही. मासे ठणठणीत आहेत. रंगाचा प्रश्न आहे.

फ्लॉवरहॉर्न_राजा:
एंजलमध्ये दम नाही भाऊ. फ्लॉवरहॉर्न घ्या. लहानपणी करडी दिसणारी पोरं रंग बदलतात तेव्हा बघत राहावंसं वाटतं. घरात बरकतही येते.

चिंबोरी:
आणि बरेच नर वांझ निघतात. बरकत कसली?

निवृत्त_मास्तर:
शिवडीकर, तीन गोष्टी विचारतो, नीट बघून उत्तर द्या. १) सोनेरी पिल्लांच्या अंगावर उभे काळे पट्टे आहेत का, फिकटसुद्धा? २) मोजणी केली आहे का? सोनेरी किती, काळी किती? ३) पोहायला लागली तेव्हा एकूण किती होती? नुसतं "भरपूर" म्हणू नका.

शिवडीकर_७७:
पट्टे अजिबात नाहीत, स्वच्छ पिवळट. मोजतो रात्री. आई म्हणते आता न्हाणीघरातल्या बादल्यासुद्धा यांच्या नावावर कर.

टँकवेडा:
स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य) द्या. माझ्या सगळ्या माशांचे रंग खुलले. महिन्याभरात फरक दिसेल.

पाणथळ:
स्पिरुलिनाने असलेला लाल-पिवळा उठून दिसेल. सोनेरी मासा काळा नाही व्हायचा. उलट पिवळा आणखी खुलेल, मग हे अजून वैतागतील.

शिवडीकर_७७:
मोजली. डोळे फुटायची वेळ आली, पण मोजली. एकूण ६१. सोनेरी २२, काळी ३९. काळ्यांमध्येही आठ-नऊ अगदी शाईसारखी मिट्ट आणि आकाराने लहान आहेत, बाकीची तितकी गडद नाहीत. सुरुवातीला पोहायला लागली तेव्हा दीडशेच्या आसपास असतील. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खूप मेली. त्यात काळीच जास्त होती असं वाटतं, पण तेव्हा मोजलं नव्हतं.

निवृत्त_मास्तर:
आता चित्र लागलं. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही, निदान मुद्दाम तरी. दुकानदारालाच कळलेलं नसणार.

एंजलमध्ये रंगाचं एक जनुक असतं, त्याचे अनेक प्रकार. आपल्याला दोनच बघायचे आहेत: डार्क आणि गोल्ड. प्रत्येक माशात या जागी दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही डार्क असल्या तर मासा मिट्ट काळा, हौशी लोक त्याला डबल डार्क म्हणतात. एक डार्क आणि एक गोल्ड असलं तरी मासा काळाच दिसतो, कारण डार्क गोल्डला झाकतं. याला हायब्रिड ब्लॅक म्हणतात, तब्येतीने दणकट. दोन्ही गोल्ड असतील तरच सोनेरी.

तुमचे दोघेही हायब्रिड ब्लॅक आहेत. दोघांच्याही पोटात एकेक गोल्ड लपलेलं. अशा जोडीच्या चार पिल्लांत हिशेबाने एक डबल डार्क, दोन हायब्रिड ब्लॅक आणि एक सोनेरी. मेंडेलने वाटाण्यावर १८६६ साली छापलं तेच हे गणित. एंजलचे रंग असे एकेक करून उलगडून दाखवण्याचं मोठं काम डॉ. जोआन नॉर्टन या अमेरिकन बाईंनी केलं, पुढचे बहुतेक सगळे त्यांच्याच आधारावर बोलतात.

पट्टे का विचारले? पट्टेवाली चंदेरी पिल्लं निघाली असती तर जोडी ब्लॅक लेस असण्याची शंका आली असती. ब्लॅक लेस म्हणजे एक डार्क आणि एक मूळचं रानटी जनुक. तुमच्याकडे स्वच्छ पिवळट आहेत, म्हणजे गोल्डच.

आणि नाही, सोनेरी पिल्लं काळी होणार नाहीत.

गप्पीवाला_मालाड:
चौथा हिस्सा म्हणता आणि ६१ मधली २२ सोनेरी? हे तर छत्तीस टक्के. मेंडेलचं गणित इथे फसलं की!

निवृत्त_मास्तर:
शंका बरोबर आहे. पण त्यांनी मेलेली पिल्लं मोजली नाहीत. डबल डार्क नाजूक असतात, वाढही हळू. ते आधी गेले तर उरलेल्यांत हायब्रिड ब्लॅक दोन आणि सोनेरी एक, म्हणजे तिसरा हिस्सा सोनेरी. ६१ चा तिसरा हिस्सा २०. तुमच्याकडे २२. शिवाय ती आठ-नऊ मिट्ट काळी लहान पिल्लं बघा, डबल डार्क बहुतेक तीच. एवढ्याशा संख्येत थोडं इकडेतिकडे होतंच, पण जुळतंय.

टँकवेडा:
काळी मेली कारण आर्टेमिया वेळेवर दिला नसेल. स्पंज फिल्टर होता का?

शिवडीकर_७७:
स्पंज फिल्टर होता, आर्टेमिया दर चौथ्या तासाला द्यायचो. ऑफिसातून धाकट्या भावाला फोन करकरून. मास्तर, तुमचं समजलं. पण मग पुढे सगळी काळी कशी मिळणार? काळी-काळी जोडी लावूनच तर हे झालं.

निवृत्त_मास्तर:
गंमत अशी की काळीच हवी असतील तर डबल डार्कला सोनेरी जोडीदार द्या. डबल डार्ककडून प्रत्येक पिल्लाला डार्क मिळणार, सोनेरीकडून गोल्ड. सगळी पिल्लं हायब्रिड ब्लॅक, सगळी काळी आणि वर दणकट. दोन डबल डार्क एकत्र लावलेत तर सगळी डबल डार्क येतील, पण निम्मी हातातून जातील अशी तयारी ठेवा.

सायली_ठाणे:
म्हणजे आता ज्या सोनेरी पिल्लांवर रागावलेत, तीच लागणार! 😄

चिंबोरी:
अवांतर: लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून एंजल बघायचो. १९५१ चं ते मत्स्यालय, मरीन ड्राइव्हला. बाबा म्हणायचे हे मासे खायचे नाहीत, बघायचे. मी कोळीवाड्यातला, मला ते पटायचंच नाही.

पाणथळ:
मास्तर, एक अडचण आहे. मिट्ट काळं दिसलं म्हणजे डबल डार्कच, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. काही हायब्रिडही चांगलेच गडद असतात, आणि घाबरला की कुठलाही एंजल रंग बदलतो. आठ-नऊपैकी तीनचार मोठे झाले की एकेकाला सोनेरीबरोबर लावून बघावं लागेल. सगळी काळी निघाली तर डबल डार्क, निम्मी सोनेरी निघाली तर हायब्रिड.

निवृत्त_मास्तर:
मान्य. तसंच करायचं. फक्त वेळ लागेल, एंजल जोडी लावायला आठ-दहा महिन्यांचा तरी व्हावा लागतो. आणि दोन माद्यासुद्धा जोडी जमवून अंडी घालतात, ती अर्थातच पांढरी पडतात. तेव्हा जोडी जुळली म्हणून लगेच पेढे वाटू नका.

शिवडीकर_७७:
आठ-दहा महिने! मला रविवारी पन्नास द्यायची आहेत.

फ्लॉवरहॉर्न_राजा:
म्हणून म्हणत होतो.

सायली_ठाणे:
त्या माणसाला सरळ खरं सांगा की एवढीच काळी आहेत, बाकीची नाहीत. आणि तब्येतीची खात्री वाटणारी पिल्लंच द्या, ती लहान शाईसारखी देऊ नका. रविवारी नेलेली बुधवारी मेली तर शिव्या तुम्हालाच.

शिवडीकर_७७:
बोललो त्याच्याशी. तीस काळी घ्यायला तयार आहे, वर सोनेरी घेणार नाही म्हणतो. दुकानदारालाही फोन केला, मास्तरांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आम्ही बोललो होतो प्युअर काळी, दिली ना प्युअर काळी? पिल्लांचं तुम्ही बघा." सोनेरी २२ पैकी चार मी पुढच्या जोडीसाठी ठेवतोय. बाकी अठरा कुणाला हवी आहेत का? शिवडी-परळ भागात आणून देईन, पिशवी ऑक्सिजनची.

चिंबोरी:
मला सहा. पट्टे नकोतच होते. दर काय?

शिवडीकर_७७:
दर नको. तुमच्याकडे मोठी, अंडी देऊन झालेली सोनेरी मादी असेल तर तिच्या बदल्यात सहा घेऊन जा. विपु (खाजगी निरोप) केली आहे.