कॉलनीत रात्रीची गस्त हवी की पोलिसांचा ११२ नंबर पुरे?

विश्रामबागकर
दिवाळीच्या सुट्टीत सांगलीत आमच्या भागात दोन बंद घरं फुटली. पंचनामा झाला, ठसे घेतले, पुढं काही नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा: घरटी एक माणूस, पाळीपाळीनं, रात्री बारा ते चार. काठी, टॉर्च, शिट्टी. अनोळखी माणूस दिसला की थांबवायचा, नाव-गाव विचारायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. आर. आर. आबा गृहमंत्री असताना २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली, गावांनी आपले तंटे आपण मिटवले. मग शहरातल्या कॉलनीनं सगळं पोलिसांवरच का टाकायचं? विरोध असेल त्यांनी दुसरा उपाय पण सांगा, नुसतं नको म्हणू नका.

दुसरी पाळी
मी कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. पाळी सुटून घरी यायला साडेबारा होतात. तुमच्या कॉलनीतनंच माझा रस्ता आहे, आणि तुमच्यासाठी मी अनोळखीच. आठ तास मशीनवर उभं राहून आल्यावर काठीवाल्या चौघांना आधार कार्ड दाखवत बसू का? आणि माझा फोटो दोनशे जणांच्या ग्रुपवर कशापायी?

विश्रामबागकर
दोन मिनिटांचा प्रश्न आहे हो. एकदा ओळख झाली की परत कोण विचारतंय?

निवृत्त खाकी
नोकरीत असताना गस्त पुष्कळ घातली, म्हणून लिहितो. नागरिकाला पकडायचा अधिकार कायद्यानं दिलाय, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०: तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक होते असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा माणूस घोषित गुन्हेगार, म्हणजे कोर्टानं फरार जाहीर केलेला असला, तरच धरता येतं. धरल्यावर उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. जुन्या कायद्यात तासांची मर्यादा नव्हती, १ जुलै २०२४ पासून ती आली. 'संशयित वाटला' एवढ्यावर कुणाला अडवून ठेवलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. ग्रामसुरक्षा दल वेगळं. त्यांची नावं पोलीस ठाण्यात नोंदलेली असतात, बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाचा पोलीस, त्यांना ओळखत असतो. गस्त घालायचीच असेल तर आधी ठाण्यात जाऊन यादी द्या.

जतकर
काका बरोबर बोलले. आमच्या जत तालुक्यातलं लवंगा गाव विसरलात का? सप्टेंबर २०२२. विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून बोंब झाली आणि त्या चौघांना पट्ट्यानं, काठीनं मारलं. पोलीस पोचले म्हणून वाचले. मारणारे काही गुंड नव्हते, गावाची काळजी असणारीच माणसं होती. ग्रुपवर फोटो फिरायला लागला की एवढं घडायला वेळ लागत नाही.

विश्रामबागकर
लवंग्यात अफवा होती, आमच्याकडं खरोखर घरं फुटलीत. आणि एक सांगा, २०१९ च्या महापुरात पहिल्यांदा कोण धावलं? एनडीआरएफ नंतर आली. आधी शेजारीच आले, मिळेल त्या होडीनं, इनरट्यूबवर. तेव्हा कुणी कलम विचारलं नाही.

जतकर
महापुरात चुकून भलत्याला बाहेर काढलं तर काही बिघडत नाही. चोर समजून भलत्याला मारलं तर बिघडतं.

मिरजेची सिस्टर
मला दोन्हीकडचं पटत नाहीये. रात्रपाळी करून येते तेव्हा रस्त्यावर कुणीतरी जागं असलं तर मला बरंच वाटतं. पण मला थांबवून 'एवढ्या रात्री कुठून?' विचारणारे नकोत, ते चोरापेक्षा जास्त त्रास देतात. आमच्या गल्लीत तीन खांबांवर दिवे नाहीत. एवढी माणसं रात्री जागायला तयार आहेत, तर त्यातले पाच जण दिवसा महापालिकेत जाऊन दिवे का लावून घेत नाहीत? ते काम कुणालाच नको असतं, त्यात काठी नाही ना.

डीव्हीआरवाला
कॅमेरे बसवणं हा माझा धंदा आहे, तेव्हा मी माझ्याच फायद्याचं बोलतो असं खुशाल समजा. कॉलनीत कॅमेरे असतात, कामाचे नसतात. गेटवर उंचावर लावतात, त्यात हेल्मेटचा टोप दिसतो, नंबर प्लेट नाही. एक तरी कॅमेरा खाली, गाडी वेग कमी करते त्या वळणावर हवा. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ चुकलेलं असतं. पोलीस रात्री दोनचं फुटेज मागतात आणि पडद्यावर दुपारचे अकरा. डिस्क लहान असली की आठवड्यात जुनं पुसलं जातं, आणि गावाला गेलेला माणूस परत येतो तेव्हा दहा दिवस झालेले असतात. डीव्हीआर हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच उचलतो. फुटेज मागितलं तर पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका. घर बंद करून जाताना शेजाऱ्याला आणि बीट अंमलदाराला सांगा, फेसबुकवर गोव्याचे फोटो परत आल्यावर टाका.

कृष्णाकाठ
सगळे पोलिसांना कळवा म्हणताय. २०१७ मध्ये याच सांगलीत कोठडीत एका तरुणाचा जीव गेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला. त्यात पोलीसच अटकेत गेले. गरीब वस्तीतला माणूस ११२ ला फोन करताना दहादा विचार करतो. सहकार्य हवं तर आधी भरवसा पाहिजे.

निवृत्त खाकी
ते प्रकरण खात्याला काळिमाच, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण भरवसा नाही म्हणून पोरांच्या हातात काठ्या द्यायच्या का? त्यांना तर बडतर्फ करायचीही सोय नाही.

विश्रामबागकर
बरं. यादी ठाण्यात देतो, दिव्यांचा अर्जही करतो. फोटो ग्रुपवर टाकायचं रद्द. गस्त मात्र होणार, आणि अनोळखी गाडी थांबवणारच.

दुसरी पाळी
शिट्टी वाजवत फिरणार असाल तर रविवारी सुट्टीला मी पण येतो. गाड्या थांबवणार असाल तर मला यादीत धरू नका.

विश्रामबागकर
मग तुमची गाडी कशी ओळखायची?

दुसरी पाळी
ओळखू नका. जाऊ द्या.