सात गुणांची आघाडी घालवली. चूक प्रशिक्षकांची की पोट्ट्यांची?

प्रश्न : मध्यरेषा
आंतरमहाविद्यालयीन कबड्डीतला आपल्या तालुक्याच्या कॉलेजचा पराभव बहुतेकांनी पाहिला असेल. मध्यंतराला १९-१२, शेवटी २९-३१. मुख्य चढाईपटू उत्तरार्धाच्या चौथ्या मिनिटाला पकडला गेला तो थेट अकराव्या मिनिटाला, लोण चढल्यावरच (म्हणजे आपला सगळा संघ बाद होऊन पुन्हा सगळे आत आले तेव्हाच) आत आला. तेव्हा गुणफलक २४-२२. शेवटची पाच मिनिटे उरली तेव्हाही २८-२५ अशी तीनची आघाडी होती. गावात सगळे प्रशिक्षकांवर तुटून पडले आहेत. खेळ समजणाऱ्यांनी सांगावे, नेमके चुकले कुठे?

डावा कोपरा
तो बाहेर बसला त्या सात मिनिटांतच सामना गेला. आपल्या चढाईपटूंनी चार बोनस (समोरच्या अंगणातली बोनस रेषा ओलांडल्याचे गुण) आणले म्हणून लोक टाळ्या वाजवत होते. पण बोनसने गुण वाढतो, बाद खेळाडू आत येत नाही. आत आणायचा तर गडी बाद करावा लागतो किंवा पकड करावी लागते, आणि येतानाही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने येतात. मुख्य चढाईपटूच्या आधी दोघे बाहेर बसले होते. म्हणजे तो यायला असे तीन गुण हवे होते, मिळाले शून्य. फलक हलत राहिला, मैदान रिकामे होत गेले. बाहेर बसून हे मोजायचे काम प्रशिक्षकाचेच.

कपाशीवाला
सरले कायले दोष देता भाऊ? चार गडी उरले असताना समोर सात जण उभे. तिथं स्पर्श करायले गेला तं साखळीत सापडतेच. सहा किंवा सात बचावपटू असले की बोनस मिळते, मंग तो घेतला तं काय चुकलं? आणि वेळ मागायचा हक्क काही एकट्या प्रशिक्षकाचा नसते. प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन टाइमआउट असतात. कर्णधार मागू शकते, आत खेळणारा कोणीही मागू शकते. उत्तरार्धातले दोन्ही तसेच राहिले. कर्णधार काय करत होता?

डावा कोपरा
टाइमआउटचे मान्य. पण बोनस नाही तर काय, याचे उत्तर तयार हवे होते, आणि ते चढाईत नव्हते, बचावात होते. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड झाली की अव्वल पकडीचे दोन गुण, शिवाय एक गडी आत. आपले तिघे मात्र मागे सरकून चढाईपटूला परत जाऊ देत होते. करायचे असे : दोन्ही कोपरे (कोपऱ्यांतले बचावपटू) आपापल्या जागी, तिसरा मधे. चढाईपटू निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) ओलांडून आत येईपर्यंत कोणी हलायचे नाही. तो परतायला वळला की मागचा पाय ज्याच्या बाजूला राहील त्या कोपऱ्याने घोटा धरायचा. उरलेल्या दोघांनी अंगावर झेप न घेता त्याची मध्यरेषेकडची वाट अडवायची. तिघेही एकदम घोट्याकडे धावले की वाट मोकळी होते. परवा दोनदा हेच झाले.

फक्की
मॅटवरच्या चुका वेगळ्या मोजा. आपली पोरं काळ्या मातीवर, मुरूम टाकून दाबलेल्या मैदानात अनवाणी सराव करतात. फक्कीची रेषा दहा मिनिटांत पुसली जाते, मग पाय मैदानाच्या कडेच्या राखीव पट्ट्यात गेला की नाही यावर वाद घालता येतो. मॅटवर तो स्पष्ट दिसतो. स्पर्श किंवा झटापट होण्याआधीच त्या एक मीटरच्या पट्ट्यात पाय पडला की बाद, आणि असे दोन गुण फुकट गेले. शिवाय नवे बूट सामन्याच्या दिवशी घातले होते. मॅटवर रबरी तळवा घट्ट धरतो, मातीवर घसरत वळायची सवय असेल तर वळताना पाय अडकतो. निदान पंधरा दिवस आधी बूट घालून सराव हवा. मॅट नसेल तर सिमेंटवर नको, गुडघे जातात.

तिसरी चढाई
शेवटच्या पाच मिनिटांचा हिशोब कोणी मांडलाच नाही. ३०० सेकंद. आपण प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंद खेळायची. समोरचेही तेवढीच घेतील तर आपल्या वाट्याला पाच. ते पिछाडीवर, घाईत १० सेकंदांत परततील असे धरले तर सात. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, म्हणजे धोका सातांत दोनदाच. बाकी पाच वेळा निदान रेषा ओलांडायची आणि परत यायचे. ओलांडताना एक पाय रेषेपुढे टेकलेला आणि मागचा हवेत हवा, नाहीतर चढाईपटूच बाद. आपले गडी मात्र दुसऱ्याच चढाईत गुणासाठी आत घुसले आणि चार वेळा पकडले गेले. एकदा तर समोर पाचच बचावपटू असताना बोनसला पाय टाकला, जो मिळतच नाही.

कपाशीवाला
हे मात्र बरोबर. बाहेरून “मार, मार” असं ओरडत होते, ते प्रेक्षक नव्हते, आपल्याच बाकावरचे होते. थांबवायचं सोडून सरच टाळ्या वाजवत होते.

मध्यरेषा
पुढच्या वर्षी सराव कसा बदलावा?

तिसरी चढाई
आठवड्यातून दोन दिवस सात विरुद्ध सात खेळूच नका. तीन विरुद्ध सात लावा, तीनची आघाडी आणि पाच मिनिटे द्या, घड्याळ एका पोराच्या हातात. बाकावर एकाला वही द्या : कोण कितव्या क्रमाने बाद आणि सलग किती चढाया रिकाम्या, एवढेच त्याने लिहायचे. आणि तिसऱ्या चढाईचा व अव्वल पकडीचा नियम त्या स्पर्धेत लागू आहे का, ते सामन्याआधी पंचांना विचारून घ्या.