बदली होऊन भुसावळला आलेय, इथल्या चर्चच्या मंडळीत आपली माणसं कशी मिळतात?

नगरची_पोर:
सगळ्यांना सलाम. पावसाळ्यात माझी बदली दीपनगरला, म्हणजे भुसावळजवळच्या वीजकेंद्राला झाली. क्वार्टर बरं आहे पण घरात मी एकटीच, आईवडील दोघंही प्रभूकडे गेले. नगरला आमची मंडळी म्हणजे पसरलेलं घरच होतं, कोणी आजारी पडलं की डबा कोणी न्यायचा हे ठरवायलाही लागायचं नाही. इथे दर रविवारी भुसावळला उपासनेला जाते, गाणी तीच ओळखीची, ना. वा. टिळकांची, पण आशीर्वाद झाला की जो तो गाडीला किक मारून निघतो आणि मी रिक्षा शोधत उभी. ऑफिसातली एक मैत्रीण तिच्या फेलोशिपला, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्रार्थनासभेला बोलावतेय, तिथे ड्रम-कीबोर्ड, हिंदी गाणी, लोक एकदम प्रेमाने भेटतात पण पुढच्या वेळी पुन्हा नाव विचारतात. चर्च बदलू का थांबू?

तापीकाठचा_भाऊ:
ताई, भुसावळ हे बदलीवाल्यांचं गाव आहे. रेल्वे, ऑर्डनन्स, तुमचं दीपनगर, माणसं येतात, रुळतात अन् ऑर्डर आली की जातात, म्हणून जुने लोक नवीन माणसाला आधी लांबूनच पाहून राहतात, मनात वाईट काही नसतं. रविवारी सगळ्यांची तोंडं पाळकसाहेबांकडे, शेजारी कोण बसलंय ते कळत नाही. आठवड्यातल्या घरसभेला जा. तिथे सगळे गोल बसतात, प्रार्थनेचे विषय विचारतात, मग कोणाच्या पोराचा रिझल्ट अन् कोणाचं ऑपरेशन हे आपोआप कळतं. आणि जरा आधी जा, सतरंज्या टाकायला हात लावा. आमच्या सासूबाईंची ओळख अशीच वाढली, चहाची भांडी विसळता विसळता, आता त्यांच्याशिवाय महिला संघाचं पान हलत नाही.

सीमेवरचा:
मी नवापूरकडचा. आमच्याकडे मावची, कोकणी या आदिवासी समाजांच्या मंडळ्या आहेत, गाणी आमच्या बोलीत. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातमध्ये जातं, चर्चमध्ये उरतात म्हातारे अन् लहान पोरं. मग जे मागे राहिले त्यांनीच बघायचं, कोणाच्या घरात पीठ आहे का, कोणाला ताप आलाय, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलला कोणासोबत कोण जाणार. माझा मोठा भाऊ तोडीवर असताना बाबांना रात्री न्यायला ज्याने गाडी काढली त्याच्याशी आमचं नातं काहीच नव्हतं, फक्त एका मंडळीचे. आजपण आई त्याला लेकच म्हणते. म्हणून माझं मत, गाणी कुठली न् ड्रम आहे का ते बघू नका, तुम्ही दोन रविवार गेला नाहीत तर कोणाचा फोन येतो ते बघा. स्तोत्र ६८:६ वाचा, देव एकट्या माणसाला कुटुंबात वसवतो असं आहे तिथे.

जळगावकर_७७:
वरच्यांचं खरं आहे पण थोडं कडू बोलतो. मंडळी म्हणजे स्वर्ग नाही भो. कमिटीची निवडणूक आली की सख्खे भाऊ बोलत नाहीत, जुनी घराणी पहिला बाक सोडत नाहीत. पहिल्याच महिन्यात सगळं दुःख कोणाजवळ उघडं करू नका, कोणी उसने पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. आणि एक कामाचं, नगरच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र आणून इथे द्या. त्याशिवाय बऱ्याच ठिकाणी तुम्ही पाहुण्याच राहता, मत नाही की कुठली जबाबदारी नाही. फेलोशिपला शनिवारी जायला काय हरकत, पण नाव एका ठिकाणी लावा.

नगरची_पोर:
पत्राचं डोक्यातच नव्हतं, उद्याच फोन करते. घरसभेचं विचारलं तर एक मावशी म्हणाल्या की त्यांच्याकडेच आहे, ये, आणि थंडी पडली की मळ्यात भरीत पार्टी असते तरुण संघाची. मी पेटी वाजवते हे सांगू का आधीच, का आगाऊपणा वाटेल?

तापीकाठचा_भाऊ:
अहो सांगा की लगेच! नाताळच्या कॅरोलला पेटीवाला मिळत नाही म्हणून दरवर्षी बोंब असते. फक्त गळ्यात अडकवून चालायची तयारी ठेवा, रात्री एक वाजेपर्यंत घरं संपत नाहीत. आणि भरीताला वांगी आणू नका, ती मळेवाल्याची, तुम्ही कळण्याच्या भाकरी थापायला बसा.